कळा कोणी सोसल्या

निकदेम येशूकडे रात्री आला, हे योहान आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, आवर्जून सांगतो. परूशी पंथातला माणूस, यहुद्यांच्या धर्मसभेचा सभासद, लोकांना शास्त्र शिकवणारा. अशा माणसाने दिवसाउजेडी नासरेथच्या एका सुताराकडे जाणं बरं दिसलं नसतं, म्हणून तो अंधारात आला, असं उपदेशात नेहमी सांगतात. मला त्यात लोकलाजेपेक्षा निकड जास्त दिसते. ज्याला झोप लागत नाही तोच अवेळी दुसऱ्याचं दार वाजवतो. तो आला आणि अदबीने बोलू लागला, की गुरुजी, तुम्ही देवाकडून आलेले आहात हे आम्हाला ठाऊक आहे. पुढे काहीतरी विचारायचं त्याच्या मनात असणार. येशूने त्याला तिथेच थांबवलं आणि सांगितलं, की नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य कुणाच्याच दृष्टीस पडायचं नाही.

त्यावर निकदेमने जो प्रश्न विचारला तो ऐकून रविवारच्या शाळेतली मुलं हसतात. माणूस म्हातारा झाल्यावर कसा जन्मेल? पुन्हा आईच्या पोटात शिरणार का? मला हा प्रश्न कधी भाबडा वाटला नाही. आयुष्यभर नेमाने शिकत, पाळत आणि साठवत आलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की हे सगळं राहू दे, तू अजून जन्मायचाच आहेस, तर त्याने दुसरं काय विचारावं? त्याची विद्या, त्याचे उपास, त्याने वेळच्या वेळी देवाला दिलेला उत्पन्नाचा दशांश, यातलं काहीच जन्माच्या वाटेने बरोबर नेता येणार नव्हतं. हे त्याला इतरांपेक्षा लवकर कळलं असावं. म्हणून तो घाबरला.

मी नगरकडची. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला काम सुरू केलं, आणि पुढच्या काही पिढ्यांत त्या भागातली जी घरं ख्रिस्ती झाली त्यांतलं आमचं एक. तान्हेपणी बाप्तिस्मा, कळत्या वयात तो विश्वास आपल्या तोंडाने कबूल करण्याचा विधी, दृढीकरण, रोज रात्री जेवणाआधी कौटुंबिक उपासना. नव्या जन्माची भाषा कानावरून गेली नाही असं एकही वर्ष मला आठवत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत विश्वास नव्याने जागवणाऱ्या उज्जीवन सभा व्हायच्या. मांडवात सतरंज्या, पेटी, तबला, आणि गीतं संपली की बाहेरगावच्या उपदेशकांचा तो प्रश्न: तुझं तारण झालंय का, पापातून सुटका झालीय का? कधी झाली? मग एकेक जण उठून साक्ष द्यायचा. कुणाची दारू सुटली होती, कुणी आजारपणात प्रभूचा हात ओळखला होता. साल, महिना, वार, सगळं सांगायचे. त्या साक्षी खऱ्या होत्या. दारू खरोखरच सुटलेली होती, आणि साक्ष देणाऱ्याची बायको शेजारी बसून डोळ्याला पदर लावत होती. माझ्याजवळ मात्र तारीख नव्हती. मी देवावाचून एकही दिवस काढला नव्हता, तर त्याच्याकडे परत आल्याचा दिवस कुठून आणणार? तरीही दरवर्षी त्या मांडवातून मी जड मनाने घरी यायचे.

पुढे मी परिचारिका झाले आणि नोकरीची बहुतेक वर्षं प्रसूती विभागात गेली. या प्रश्नात लेबर रूमने मला जेवढी मदत केली तेवढी कुठल्याही प्रवचनाने केली नाही.

पहिलटकरीण असली की रात्रच्या रात्र जाते. कळ येते, ओसरते, पुन्हा येते. आम्ही घाम पुसतो, पाठ चोळतो, पोटावर हात ठेवून कळ किती टिकते ते बघतो, बाळाचे ठोके ऐकतो. जोर आई लावते. रक्त तिचं जातं, जीव तिचा पणाला लागतो. बाळाने जन्मायचं ठरवलेलं नसतं, त्याची काही तयारी नसते, आणि लायकीचा तर प्रश्नच येत नाही. पण ते अगदी निपचितही नसतं. हे मला आमच्या एका जुन्या सिस्टरांनी शिकवलं, माझा हात धरून, बाईच्या पोटावर ठेवून. बाळ खाली सरकताना मान वाकवतं. हनुवटी छातीला टेकवतं. आणि मग वळतं. आधी कुशीकडे असलेलं तोंड हळूहळू आईच्या पाठीकडे फिरवतं. मान ताठ राहिली तर डोक्याचा मोठा घेर पुढे येतो आणि बाळंतपण अडतं. वाकली तर लहानात लहान घेर पुढे येतो आणि वाट मिळते. बाळाकडून होतं ते एवढंच. तेही आईच्या कळांच्या रेट्यानेच होतं.

हे हाताला कळलं तेव्हापासून योहानाचा तिसरा अध्याय मी वेगळ्या कानांनी ऐकते. सभांमधून आमची अशी समजूत झाली होती, की नवा जन्म ही आपण करायची गोष्ट आहे. निर्णय घ्यायचा, हात वर करायचा, पुढे यायचं, बायबलच्या पहिल्या पानावर तारीख लिहायची. येशूने मात्र नेमकी अशी गोष्ट निवडली जिच्यात जन्मणाऱ्याच्या कर्तबगारीला जागाच नाही. आणि त्याच बोलण्यात, थोडं पुढे, साप चावलेल्यांनी पाहून वाचावं म्हणून अरण्यात मोशेने खांबावर उंच केलेल्या पितळी सापाची त्याने आठवण काढली आणि मनुष्याच्या पुत्रालाही, म्हणजे त्याला स्वतःलाही, असंच उंच केलं जाणार आहे असं सांगितलं. म्हणजे क्रूस. जन्माचं बोलणं काढलं आणि पाठोपाठ कळांचं काढलं. शेवटच्या भोजनाच्या रात्री शिष्यांना आपल्या मरणाविषयी सांगतानाही त्याला प्रसूत होणारी बाईच आठवली. तिची घटका भरली की तिला दुःख होतं, आणि मूल झालं की त्या यातना तिच्या ध्यानात राहत नाहीत. योहानाच्या सोळाव्या अध्यायात हे आहे. लेबर रूममध्ये उभं राहून मी ते शेकडो बायकांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

चौदाव्या शतकात इंग्लंडमध्ये नॉर्विच गावी ज्युलियन नावाची एक एकांतवासी साध्वी होऊन गेली. १३७३ साली मरणाच्या दारातून परत येताना तिला दर्शनं झाली आणि पुढची कित्येक वर्षं ती त्यांवर चिंतन करत राहिली. तिने ख्रिस्ताला सरळ आई म्हटलं, आपल्या यातनांतून आपल्याला जन्म देणारी आई. ज्यांनी विठोबाला माउली म्हटलं, ज्ञानोबांना माउली म्हटलं, त्या आपल्या भाषेत हे वेगळं समजावून सांगायची गरज पडत नाही. ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांनीही ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारली आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांनी ती हाक लगेच उचलली.

पण नव्या जन्माचा विषय निघाला की मला टिळकांच्याही आधी पंडिता रमाबाई आठवतात. त्यांची गोष्ट महाराष्ट्रात अनेकदा सांगितली जाते, आणि बहुतेक वेळा ती १८८३ सालच्या बाप्तिस्म्यापाशी अडकते. कौतुक करणारे तिथे थांबतात, दोष देणारेही तिथेच थांबतात. दोघांच्याही लेखी धर्म बदलला की गोष्ट पूर्ण. रमाबाईंच्या स्वतःच्या लेखी ती पूर्ण झाली नव्हती.

आधीचं थोडं सांगायला हवं. रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरायचं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. आई शेवटच्या दुखण्यात असतानाचा एक प्रसंग रमाबाईंनी पुढे लिहून ठेवला आहे. आईसाठी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला त्या एका ब्राह्मण बाईच्या दारात गेल्या. पंडिताची मुलगी, हजारो श्लोक तोंडपाठ, पण मागायला जीभ उचलेना. नुसत्या रडत उभ्या राहिल्या. त्या बाईनेच विचारलं, तेव्हा कसेबसे शब्द फुटले. भाकरी मिळाली, त्या धावत आईकडे गेल्या, पण आईला ती खाण्याची शुद्ध उरली नव्हती.

हा प्रसंग मी वाचला तेव्हापासून तो माझ्या मनात तारणाच्या विषयाशी बांधला गेला आहे. रमाबाईंनी तो तसा बांधलेला नाही, हे जोडणं माझं आहे. सगळं येत असलेल्या माणसाला मागता न येणं, ही माणसाची किती जुनी अडचण आहे! भुकेपेक्षा हात पसरणं अवघड. निकदेमची तीच अडचण होती. रात्री आला तेव्हाही तो काही मागायला आला नव्हता. आम्हाला ठाऊक आहे, असं म्हणत आला.

पुढचं वेगाने सांगते, कारण ते पुष्कळांना माहीत आहे. १८७८ साली कलकत्त्यात त्यांना पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरवलं गेलं. भाऊ गेला, लग्न झालं, मुलगी झाली, १८८२ च्या सुरुवातीला पटकीने पतीही गेले. त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज गावी सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहिल्या. त्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलम इथे नेलं. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आधार मिळत होता, आणि सावरलेल्या स्त्रिया तशाच दुसऱ्या स्त्रियांची सेवा करत होत्या. रमाबाईंनी असं काम आधी कुठे पाहिलं नव्हतं. हे लोक असं का करतात, असं त्यांनी विचारलं तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर भर दुपारी एकटी पाणी भरायला आलेली शोमरोनी बाई, यहुदी ज्यांच्याशी संबंध ठेवत नसत त्या जमातीची, आणि तिच्याजवळ प्यायला पाणी मागणारा येशू. तिथे रमाबाईंचं हृदय ओढलं गेलं. ख्रिस्ती झालेले पंडित फादर नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणाने बुद्धीचीही खात्री पटली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी आणि छोट्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला.

मन ओढलं गेलं, बुद्धीला पटलं, बाप्तिस्मा झाला. आणखी काय हवं? त्यानंतरची त्यांची पत्रं वाचली की दिसतं, त्यांनी डोकं कुणाकडे गहाण टाकलेलं नव्हतं. क्रूसावर लॅटिन अक्षरं का, संस्कृत का नकोत, असं त्या विचारतात. मांसाहार करत नाहीत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या त्रैक्याच्या सिद्धांतावर आपल्या धर्ममातेशी, सिस्टर जेराल्डीनशी, वाद घालतात. १८८५ सालच्या एका पत्रात त्या स्पष्ट लिहितात, की भारतातल्या पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, आता तसलंच दुसरं जू घ्यायची माझी तयारी नाही. ही पत्रं मला फार प्रिय आहेत. आमच्या मंडळीतल्या तरुण मुलींनी ती वाचावीत असं मला मनापासून वाटतं.

मग अमेरिका झाली, १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. विधवा मुली शिकू लागल्या. बाहेरून पाहणाऱ्याला रमाबाई म्हणजे पूर्ण झालेली ख्रिस्ती स्त्री. आणि याच काळात त्यांच्या हाती एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मचरित्र आलं.

विल्यम हॅस्लम हा कॉर्नवॉलमधल्या बाल्डू नावाच्या गावचा पाद्री. विद्वान, नेमस्त, देवळाच्या बांधकामात आणि विधींत रमणारा. एका स्नेह्याने त्याला तोंडावर सांगितलं, की तुझंच अजून परिवर्तन झालेलं नाही. १८५१ सालच्या एका रविवारी, मनातून पार खचलेला असताना, तो उपदेशाला उभा राहिला. ख्रिस्ताविषयी तुम्हाला काय वाटतं, हा येशूने परूश्यांना विचारलेला प्रश्न त्याने वचन म्हणून घेतला होता. बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की हे परूशी म्हणजे मीच. आणि तो जे दुसऱ्यांना समजावून सांगत होता ते त्याचं त्यालाच उमगलं. त्याच्या आवाजात काहीतरी फरक पडला असावा. समोर बसलेल्यांपैकी एक साधा ग्रामीण उपदेशक हात उंचावून ओरडला, पाद्रीबाबांचं परिवर्तन झालं! सगळं देऊळ आनंदाने गजबजून गेलं.

उपदेश करणाऱ्याचाच उपदेशाच्या मध्ये जन्म झाला. रमाबाईंनी हे वाचलं आणि थबकल्या. आपल्या साक्षीत त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या ध्यानात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. काय करावं ते त्यांना सुचेना. विचार करून काही होईना. अखेर माझं मीपण जिथे संपलं तिथे मी येऊन पोचले आणि काही अट न घालता स्वतःला तारकाच्या स्वाधीन केलं, अशा अर्थाचं त्या लिहितात.

हे १८९१ च्या सुमाराचं. जिने कुठल्याही पुरोहितापुढे, कुठल्याही बिशपापुढे मान तुकवली नाही, तिने इथे वाकवली. मला यात विसंगती दिसत नाही. माणसांपुढे ताठ राहायचं बळ अनेकदा त्याच वाकण्यातून येतं. १८९३ साली शारदा सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेत येऊन बसतात म्हणून पुण्यात गदारोळ झाला, सल्लागार मंडळातले मोठे लोक बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाई जागच्या हलल्या नाहीत. या वादात दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे. मुलींचे पालक अस्वस्थ झाले हे मला समजतं, आणि विश्वास लपवून जगणं रमाबाईंना अशक्य झालं होतं हेही समजतं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे तुमच्या मते बाप्तिस्म्याला अर्थ नाही. असं मी म्हणत नाही. वसईची माझी एक जुनी सहकारी कॅथलिक आहे. ती म्हणते, नवा जन्म बाप्तिस्म्याच्या पाण्यातच होतो, पाण्याने आणि आत्म्याने असं प्रभूने निकदेमला सांगितलंच आहे. त्या जन्माची जाण यायला मग आयुष्य लागतं. तिच्या बोलण्यात मला खोट सापडत नाही. जन्मलेल्या मुलालाही आपला जन्म आठवत नसतो. दुसरीकडे मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याच्यासारख्या माणसाला २४ मे १७३८ ही तारीख पक्की ठाऊक होती. लंडनमध्ये ऑल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या एका सभेत आपलं हृदय विलक्षण उबदार झालं, असं त्याने रोजनिशीत लिहिलं. रमाबाईंना आठ वर्षं लागली. वारा पाहिजे तिकडे वाहतो, तो कुठून येतो आणि कुठे जातो ते तुला कळत नाही, हेही येशूने निकदेमलाच सांगितलं होतं. उज्जीवन सभांत या वाक्यावर उपदेश झालेला मी क्वचित ऐकला आहे.

मराठी माणसाला तारणाचा विषय सांगताना एक मोठी गाठ लागते. आपल्याकडे मुक्ती म्हणजे जन्मापासून सुटका. पुन्हा जन्म नको, ही प्रार्थना. आणि इथे एक गुरू सांगतो, की पुन्हा जन्मल्याशिवाय सुटका नाही. लहानपणी शेजारच्या काकू मला म्हणायच्या, तुमचं सगळं आमच्या उलटंच गं! पण तुकोबांनी मुक्तीही नाकारली होती आणि संतसंगासाठी पुन्हा गर्भवास सुखाने पत्करला होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो असं टिळक म्हणत, त्यामागे हेही असेल का, असं मला नेहमी वाटतं. सुटून जाण्यापेक्षा प्रेमात राहणं मोठं, हे दोघांनाही कळलं होतं.

जक्कयाची गोष्ट मला म्हणूनच आवडते. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना नागवून श्रीमंत झालेला, बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी जेवायला गेला. तो उभा राहून म्हणाला, माझं अर्धं धन गरिबांना देतो, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत करतो. तेव्हा येशू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं. मेल्यानंतर होईल असं नाही म्हणाला. आज म्हणाला, आणि घराला म्हणाला. क्रम मात्र बघा: आधी येशू त्याच्याकडे उतरतो, मग पैशाची थैली सुटते. चौपट परत केल्यावर मी येईन, असं त्याने झाडाखालून सांगितलं नव्हतं.

रमाबाईंच्या बाबतीत ही थैली सुटली ती दुष्काळात. १८९६-९७ साली मध्य प्रांतात अन्नान्नदशा झाली. आपल्या भुकेच्या आठवणी त्यांना गप्प बसू देईनात. त्या स्वतः तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, उवांनी भरलेल्या, काहींना माणसांनी वापरून टाकलेलं, अशा मुली आणि बायका त्यांनी गोळा केल्या, तीनशेच्या आसपास. पुण्यात प्लेगचे दिवस, शहरात इतक्या जणींना ठेवायची सोय नाही. दौंडच्या वाटेवर केडगावला रेल्वेलगत जमीन घेतलेली होती, तिथे त्यांना नेलं. विहिरी खणल्या, राहुट्या ठोकल्या, झोपड्या उभ्या केल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. त्या जागेला त्यांनी नाव दिलं मुक्ती. आणि फुलमला पाहिलं होतं तसं, फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी वेगळं घर काढलं, त्याचं नाव कृपासदन.

१९०५ साली केडगावला प्रार्थनेची मोठी लाट आली, मुली तासन्‌तास रडत, गात, प्रार्थना करत राहिल्या. ख्रिस्ती जगात मुक्तीची कीर्ती त्यामुळे जास्त झाली. मी त्याला उणं लेखत नाही. पण मला नव्या जन्माची खूण विचारली तर मी १८९७ सालाकडे बोट दाखवीन. ज्या मुलीला बाजरीच्या तुकड्यासाठी तोंड उघडता आलं नव्हतं, तिने आता हजारो तोंडांसाठी रोज मागितलं, देवाजवळ आणि माणसांजवळ, आणि ते मागताना तिची जीभ अडखळली नाही. फुकट मिळालं आहे हे ज्याला कळतं त्याला मागण्याची लाज उरत नाही, आणि देण्याचाही हिशोब उरत नाही.

केडगावला मी गेले आहे. तिथे छापखान्यात मुली बायबलच्या पानांचे खिळे जुळवत असत, ते भाषांतर रमाबाईंनी स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकून केलं होतं. १९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, भाषांतराचं काम हातावेगळं करून.

निकदेमचं पुढे काय झालं? योहान त्याला विसरत नाही. सातव्या अध्यायात तो धर्मसभेत उठून विचारतो, की माणसाचं म्हणणं ऐकल्याशिवाय आपलं शास्त्र त्याला दोषी ठरवतं का? त्याला गप्प बसवलं जातं. आणि मग क्रूसापाशी, बहुतेक शिष्य पांगलेले असताना, तो गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण घेऊन येतो, शंभर शेरांच्या आसपास, राजाच्या प्रेताला पुरेल इतकं. त्या दिवशी त्याला काळोखाची वाट पाहावीशी वाटली नाही. निकदेमचा नवा जन्म झाला, असं वाक्य शुभवर्तमानात कुठेही नाही. तारीख त्याच्याकडेही नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून हलत नाही. रमाबाईंच्या वडिलांनी मरताना या धाकट्या मुलीला जवळ घेतलं आणि सांगितलं, की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. अनंतशास्त्र्यांनी येशूचं नावही कधी विश्वासाने घेतलं नव्हतं. पण मुलीला देवाच्या हाती देणारा हात त्यांचा होता, आणि ती ख्रिस्ताची झाल्यावरही ते शब्द जपत राहिली. मग त्यांचं काय? त्यांचं तारण झालं का?

आमच्यासारख्या घरांत हा प्रश्न पुस्तकी नसतो. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या आईने रागाने अन्न सोडलं होतं, असं घरात सांगतात. पण गावाने वाळीत टाकलेल्या लेकाचं घर तिने सोडलं नाही. ती शेवटपर्यंत माळकरी राहिली, तुळशीला पाणी घालत राहिली, आणि रविवारी नातवंडांना अंघोळी घालून, वेण्या घालून ख्रिस्ती देवळात पाठवत राहिली. आजच्या आमच्या मंडळीतली चार-पाच घरं तिने वाढवलेल्या नातवंडांची आहेत.

आमच्या पाळकसाहेबांशी माझं यावर बोलणं होतं. ते मला रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय उघडून दाखवतात, की ज्याच्याविषयी ऐकलं नाही त्याच्यावर विश्वास कसा ठेवतील? तिथे जे लिहिलं आहे ते मी नाकारत नाही. त्याच अध्यायापायी मिशनरी बोटीत बसले आणि त्यामुळेच माझ्या हाती बायबल आलं. पण मी त्यांना योहानाचा तिसरा दाखवते, वाऱ्याचं वचन. ते म्हणतात, सिस्टर, तुम्ही मायेपोटी बोलता. मी म्हणते, कळा ज्याने सोसल्या त्याला आपली लेकरं कोण हे ठाऊक आहे, तिथे आपण यादी करायला बसू नये. ते यावर विचार करतो म्हणाले. बुधवारच्या अभ्यासवर्गात सध्या रोमकरांस पत्रच चालू आहे, आणि दहावा अध्याय आला की हा विषय मी सगळ्यांपुढे काढणार आहे.